शर्टाचं बटण लावायला शिकवणे: तोंडी सूचना सुटत नाहीत (डी.एड. विशेष शिक्षण, प्रथम वर्ष)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. पुण्यात डी.एड. विशेष शिक्षण (बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व) पहिल्या वर्षाला आहे. सराव पाठासाठी मिळालेला विद्यार्थी ९ वर्षांचा, मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व. फिट येत नाहीत, दोन्ही हात वापरतो, चिमटीत मणी धरून दोऱ्यात ओवतो, दहा मिनिटं बसतो.

ध्येय लिहिलं होतं: "विद्यार्थी शर्टाची बटणं लावायला शिकेल." त्यावर लाल शाईत शेरा आला, "मोजणार कसं?"

तीन आठवड्यांनंतरची स्थिती अशी: बटणाच्या फळीवर (फळीवर बसवलेला शर्टाचा पुढचा भाग) ५ पैकी ५ लावतो. अंगातल्या शर्टावर मात्र हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. "घाल... आता ओढ" म्हटलं की करतो, गप्प राहिलं की थांबतो. चौथ्या बटणाला शर्ट काढून भिरकावतो.

ध्येय कसं लिहायचं, फळीवरचं अंगावर का उतरत नाही आणि माझी बडबड कशी बंद करायची, हे तीन प्रश्न आहेत.

खडू_आणि_डस्टर

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो, तिसरा जाणकारांसाठी सोडतो.

ध्येयात चार गोष्टी लागतात: कोण, कोणत्या परिस्थितीत, डोळ्यांना दिसणारी कोणती कृती, आणि किती जमलं की झालं म्हणायचं. "शिकेल", "समजेल", "जाणीव होईल" या क्रियापदांवर लाल शाई पडणारच, कारण त्या कृती दिसत नाहीत. तुमचं ध्येय असं लिहा:

"अंगात घातलेल्या गणवेशाच्या शर्टाची मधली ३ बटणं, 'बटणं लाव' एवढी एकच सूचना दिल्यावर, ३ मिनिटांच्या आत, कोणत्याही मदतीशिवाय लावेल; सलग ५ शाळेच्या दिवसांपैकी ४ दिवस."

यातला "अंगात घातलेल्या" हा शब्द आधी असता तर तीन आठवडे फळीवर गेलेच नसते. "मधली ३" मुद्दाम म्हटलंय. गळ्याजवळचं बटण स्वतःला दिसत नाही, ते नुसत्या स्पर्शाने लावावं लागतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी, वेगळं ध्येय करून घ्यायचं.

पाठ सुरू करण्याआधीची पातळी घेतली होती का? तीन दिवस, रोज त्याच वेळी, एकही मदत न देता फक्त बघायचं आणि टिपायचं. बहुतेक शिकाऊ मंडळी इथेच घसरतात: मूल अडकलेलं बघवत नाही, हात पुढे जातो, आणि मग "आधी येत होतं किती" हे कधीच कळत नाही. बेसिक-एमआर मापनी (बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला काय काय येतं ते मोजायची) वापरत असाल तर तिच्या भाग अ मध्ये ७ क्षेत्रांत ४०-४० अशा २८० बाबी आहेत, आणि प्रत्येक बाबीला गुण मदतीच्या पातळीप्रमाणे: स्वतंत्रपणे ५, खूण दिल्यावर ४, तोंडी सांगितल्यावर ३, हात धरून २, पूर्ण अवलंबून १, लागू नसेल तर ०. म्हणजे तुमचा विद्यार्थी आज बटणाला ३ वर आहे. "येतं" असं त्याच्या प्रगतिपुस्तकात कोणी लिहू नये.

(मापनीच्या नावातला "एमआर" म्हणजे "मेंटल रिटार्डेशन", जुना शब्द. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर अहवालात "बौद्धिक दिव्यांगत्व" लिहायचं. "मतिमंद" अजून कित्येक पाट्यांवर आहे, तो तुमच्या वहीत नको.)

आता फळी. टेबलावर फळी ठेवताना कॉलरची बाजू मुलापासून लांब ठेवता ना? तिथेच गोम आहे. पुरुषी शर्टात बटणं घालणाऱ्याच्या उजव्या हाताला आणि काजं डाव्या हाताला असतात. फळी तशी समोर ठेवली की समोर उभ्या माणसाचा शर्ट आपण लावतोय असं होतं: बटणं मुलाच्या डाव्या हाताला येतात. तो जे शिकला ते दुसऱ्याचा शर्ट लावायला शिकला. अंगातल्या शर्टावर हातांची कामं उलटी झाली, म्हणून गोंधळ.

फळी अर्धी फिरवा, कॉलर त्याच्या पोटाकडे. आता बटणं उजवीकडे, काजं डावीकडे, मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितल्यासारखं. त्याहून बरं म्हणजे फळी सोडूनच द्या. जुन्या शर्टाचा पुढचा भाग कापून गळ्यात नाडीने बांधा, किंवा त्याच्या मापापेक्षा एक नंबर मोठा शर्ट गणवेशावरून घाला. सैल शर्टात काजाची पट्टी ओढायला जागा मिळते.

ओटी_कोथरूड

व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी, ओटी) बाजूने थोडी भर. मणी ओवतो म्हणजे चिमूट आहे. एक हात धरतोय आणि दुसरा काम करतोय, हेही मणी ओवण्यात येतं. तेव्हा पूर्वतयारीवर वेळ घालवू नका. खेळण्यातल्या चिमट्यांचे आणि मातीच्या गोळ्यांचे सहा महिन्यांचे "सराव" ज्यांना गरज नाही अशा मुलांना दिले जातात, ते वाया जातात.

बटणाचा आकार मात्र बघा. गणवेशाच्या शर्टाचं बटण साधारण ११ मिलिमीटर असतं. सुरुवात २५ च्या कोटाच्या बटणाने, मग १८, मग ११. काज बटणाच्या व्यासापेक्षा ३ मिमी मोठं ठेवा आणि नवीन काज असेल तर आधी दहा-बारा वेळा स्वतः बटण घालून-काढून सैल करा. शिंप्याकडून नुकतं आलेलं काज मोठ्या माणसालाही जड जातं. बटणाखाली दोऱ्याची उंच दांडी ठेवून शिवा, म्हणजे कड उचलता येते. चपटं शिवलेलं बटण चिमटीत येतच नाही, आणि मग आपण म्हणतो मुलाची पकड कच्ची आहे.

सामान बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत मिळेल. पट्टीचा आणि बटणाचा रंग विरुद्ध घ्या: पांढऱ्या शर्टाला लाल बटण. जमायला लागलं की रंगही एकेक बटण करत पांढरा करायचा, नाहीतर तो लाल बटणाचा शर्टच ओळखून लावेल.

हाताला ताठरपणा किंवा कंप असेल तर हे सगळं लागू नाही, अशा मुलाला आधी ओटीकडे पाठवा. आणि मूल १४-१५ वर्षांचं असून बटणावर दोन वर्षं गेली असतील तर वरून बटण शिवलेली आणि आतून वेल्क्रो लावलेली पट्टी करून द्या, किंवा सरळ टी-शर्ट.

मागची_बाक

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. सगळ्या मदतींमध्ये तोंडी सूचना सोडवायला सगळ्यात अवघड. हात धरलेला हळूहळू सैल करता येतो; तोंडातला शब्द अर्धा देता येत नाही. शिवाय तुम्ही पायरीपायरीला "आता ओढ" म्हणता तेव्हा तुमचं बोलणं हीच त्याच्यासाठी एक पायरी होऊन बसते. बटण अर्धं बाहेर आलेलं दिसणं ही त्याची खूण असायला हवी होती, ती खूण आज तुमचा आवाज आहे.

म्हणून हाताची मदत, गप्प राहून. पद्धत:

एका बटणाच्या पायऱ्या पाडा. डाव्या हाताने काजाची पट्टी काजाजवळ धरणं. उजव्या चिमटीत बटणाची कड धरणं. पट्टी बटणावर आणणं. कड काजातून अर्धी वर ढकलणं. डावी चिमूट पट्टीवरून बटणाच्या वर आलेल्या कडेवर नेणं. उजवा हात सोडणं. बटण पूर्ण बाहेर ओढणं. झाल्या सात. डावखुरा असेल तर आधी स्वतः डाव्या हाताने करून बघा आणि मग पायऱ्या लिहा. खुर्चीत बसून आठवून लिहिलेल्या पायऱ्यांत एक तरी हमखास सुटते, बहुधा पाचवी: हात बदलण्याची. मुलंही तिथेच अडकतात.

शिकवायचं शेवटून. पहिल्या सहा पायऱ्या तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवून करा, सातवी त्याची. सातवी सलग दोन दिवस प्रत्येक बटणाला त्याची त्याने केली की सहावी-सातवी त्याच्याकडे. शेवटून शिकवण्याचा फायदा असा की दर वेळी बटण "लागतं" ते त्याच्या हाताने. पुढून शिकवलं तर पट्टी धरली आणि मग बाकीचं ताईंनी केलं, यात त्याला काय मिळालं?

उभं राहायचं पाठीमागे. समोर बसलात की तो तोंड वाचणार आणि तुमचे हात उलटे येणार. मागून तुमचा उजवा हात त्याच्या उजव्यावर बसतो. मदत ओसरवण्याचा क्रम: हातावर हात, मग मनगटाला दोन बोटं, मग कोपर, मग खांद्याला स्पर्श, मग काहीच नाही. एका टप्प्यावर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळू नका. मूल तुमच्या हातावर अंग टाकायला लागलं तर समजायचं की उशीर झाला.

आणि थांबायचं. आपली पायरी आली की मनात एक ते पाच मोजा, सावकाश. पाचपर्यंत हालचाल नाही तर मनगटाला स्पर्श. शिकाऊ माणूस दीड सेकंदात बोलतो, मोबाइलवर पाठ चित्रित करून बघा म्हणजे पटेल. (चित्रीकरणाला पालकांची लेखी परवानगी घ्या.)

नोंदीचा तक्ता एका पानाचा: उभ्या सात पायऱ्या, आडवे प्रयत्न. प्रत्येक चौकटीत स्व (स्वतंत्र), खू (खूण), तों (तोंडी), हा (हात धरून) यांपैकी एक अक्षर. दिवसाकाठी पाठ झाल्यावर आठवून भरू नका. पेन्सिल कानाला लावून तिथल्या तिथे. एखाद्या पायरीच्या ओळीत चार दिवस "हा, हा, हा, हा" दिसलं तर मुलाला दोष न देता ती पायरी आणखी दोनात तोडा.

प्रसंग खरे शोधा. रोज अकरा वाजता टेबलावर शर्ट आणून "चला बटणं" याला अर्थ नाही. चित्रकलेचा पुढून बटणांचा ॲप्रन, डबा खाण्याआधी, खेळाचे कपडे, घरी जाताना. दिवसात चार प्रसंग सहज निघतात, आणि चार वेगळ्या जागा, चार वेगळी माणसं. मावशींनाही शिकवा की त्यांनी पटकन लावून टाकायचं नाही. शाळेत तुम्ही थांबता आणि घरी रिक्षा आली म्हणून आजी दोन मिनिटांत पाचही बटणं लावते, तर काही पुढे जाणार नाही. आजीला सांगा: घाईच्या दिवशी चार तुम्ही लावा, शेवटचं एक त्याचं.

पाटीपेन्सिल

फळी फिरवून पाहिली, खरंच डावं-उजवं उलटं होतं! हे कोणत्याच तासाला सांगितलं नव्हतं. आजपासून शेवटून सुरू करते.

शर्ट भिरकावण्याचं मात्र कळत नाही. प्रत्येक बटणाला एक जेम्सची गोळी देते, तरी चौथ्यालाच फेकतो.

मागची_बाक

फेकल्यावर तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल

"बरं, राहू दे, दमलास" म्हणून पाठ थांबवते. पाच मिनिटांनी तो झोपाळ्यावर जातो.

मागची_बाक

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पुण्यात एबीसी म्हटलं की सगळ्यांना अप्पा बळवंत चौक आठवतो, पण इथली एबीसी नोंद तीन रकान्यांची: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. आधी: चौथं बटण. वर्तन: शर्ट फेकला. नंतर: काम संपलं, झोपाळा मिळाला. तीन आठवडे तुम्ही नेमाने शिकवलंत की शर्ट फेकला की सुट्टी. तो हुशारीने शिकला.

पाच दिवस अशी नोंद ठेवा, एका प्रसंगावरून निष्कर्ष नको. कारण हेच निघालं तर: दुसऱ्या बटणानंतरच, फेकण्याच्या आधी, त्याच्या हातात "थांबू" चित्राचं कार्ड द्या, ते त्याने तुम्हाला परत द्यायचं, आणि लगेच एक मिनिट झोपाळा. वाळूचं घड्याळ ठेवा, संपलं की परत एक बटण. विश्रांती मागायची रीत त्याच्याकडे नव्हती, म्हणून फेकणं होतं. कार्ड वापरायला लागला की दोनची तीन बटणं, मग चार.

फेकलंच तर ओरडा नाही, समजावणं नाही, शर्ट उचलून पुन्हा हातात आणि एक, फक्त एकच सोपी पायरी करून घेऊन मग सुट्टी. पहिले काही दिवस फेकणं वाढेल. जे आतापर्यंत चालत होतं ते चालेनासं झालं की मूल तेच जास्त जोराने करून बघतं. याच दिवसांत निम्मे लोक माघार घेतात, आणि मग मूल "जास्त जोराने फेकलं की चालतं" हे शिकतं. सगळ्या शिक्षकांचं आणि घरच्यांचं एकमत नसेल तर हे सुरूच करू नका.

जेम्स बंद करा. दहा गोळ्यांनंतर गोडाची किंमत राहत नाही, आणि घरी विचारलंय का, चालतात का? बक्षीस आपण ठरवायचं नसतं, शोधायचं असतं. त्याच्या आवडीच्या वाटणाऱ्या पाच वस्तू घ्या, दोन-दोन समोर ठेवा, कोणती उचलतो ते टिपा. पाच वस्तूंच्या दहा जोड्या होतात, पंधरा मिनिटांचं काम. बहुधा झोपाळाच वर येईल. मग झोपाळाच द्या, पण बटणाच्या बदल्यात.

खडू_आणि_डस्टर

सहमत, एक सोडून. खाऊ सरसकट वाईट नाही. अगदी लहान किंवा तीव्र गरजांच्या मुलांना सुरुवातीला चुरमुऱ्याचा एक दाणा कामाला येतो, कृतीनंतर दोन-तीन सेकंदांत, सोबत नाव घेऊन कौतुक. नुसतं "व्हेरी गुड" नको, "बटण ओढलंस!" म्हणा. मग दाणा दर दुसऱ्या, दर चौथ्या वेळेला.

वर्गशिक्षिका

मधेच विचारते. मी साध्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते, डी.एड. झालंय. वर्गात स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली दोन मुलं आहेत. तीन महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र कोर्स दिसतात, "विशेष शिक्षक बना" असं लिहिलेलं. करावा का?

खडू_आणि_डस्टर

शिकण्यासाठी जरूर करा. "विशेष शिक्षक" म्हणवून घेण्यासाठी नाही.

विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागतं. १९९२ च्या परिषदेच्या कायद्याचं कलम १३ तेच सांगतं, आणि नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. नोंदणी मिळते ती परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमावर: बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण, किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. विशेष शिक्षण. तुमचं साधं डी.एड. त्याच्या जागी चालत नाही. शनिवार-रविवारची आणि तीन महिन्यांची प्रमाणपत्रं या नोंदणीला उपयोगी नाहीत, जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो.

फी भरण्याआधी संस्थेला विचारू नका, परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी बघा. मान्यता संस्थेला सरसकट नसते. ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक जागांना, ठरावीक मुदतीची असते. "आमची मान्यता आहे" हे मागच्या तुकडीबद्दल खरं आणि तुमच्या तुकडीबद्दल खोटं असू शकतं. नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी परिषदमान्य कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात, तेव्हा कार्यशाळेच्या पावत्या आणि प्रमाणपत्रं फाइलला लावत जा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च पथावर आहे, पण ते शाळांच्या नोंदणी-अनुदानाचं. शिक्षकाची नोंदणी तिथे होत नाही, हेलपाटा वाचवा.

प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाला जोडलेली शाळा बघा. गोखलेनगरच्या कामायनीसारख्या जुन्या शाळा पुण्यात आहेत. कुठेही गेलात तरी परवानगी काढून एक अख्खा दिवस मागच्या बाकावर बसा आणि एवढंच बघा: शिक्षक मुलाला किती वेळ थांबून देतात, आणि वहीत नोंद होते की नाही. भिंतीवरचे रंगीत तक्ते बघून ठरवू नका.

मागची_बाक

वर्गशिक्षिका ताई, पाचवीच्या वर्गासाठी आज करण्यासारखं: स्वमग्न मुलाच्या बाकावर दिवसाचं चित्र-वेळापत्रक. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चित्रं, वरून खाली, एका वेळी फक्त चार. झालेलं चित्र त्याने स्वतः काढून खालच्या पाकिटात टाकायचं. स्नेहसंमेलनाची तालीम किंवा बदली शिक्षक येणार असेल तर "बदल" असं वेगळ्या रंगाचं कार्ड आदल्या दिवशीच दाखवा. मुलाला वाचता येत असेल तर चित्राऐवजी शब्द लिहा, वाचणाऱ्याला चित्रं दाखवत बसू नका. आणि सूचना द्यायची तर नाव घेऊन, तीन शब्दांत. "सगळ्यांनी वह्या काढा" यातल्या "सगळ्यांनी"त आपण आलो हे त्याला कळेलच असं नाही.

ओटी_कोथरूड

विषय निघालाच आहे तर एक: वर्गात फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर, घड्याळ लावा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणं बंद. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा थांबून लगेच दुसरी आली तर रुग्णवाहिका, १०८. प्रत्येक विशेष मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव आणि घरचा नंबर असायला हवा, कपाटात कुलपात नाही.

पाटीपेन्सिल

तीन दिवसांची नोंद: सातवी पायरी, रोज १२ प्रयत्न. पहिला दिवस स्व ४, हा ८. दुसरा स्व ७, हा ५. तिसरा स्व १२. कार्ड दोनदा स्वतःहून दिलं, शर्ट एकदा फेकला. तों एकाही चौकटीत आलं नाही, पण मला ओठ दाबून उभं राहावं लागतं.

मागची_बाक

तिसऱ्या दिवसासारखा आणखी एक दिवस येऊ दे, मग सहावी द्या. फेकलं ते कितव्या बटणाला, तेही लिहून ठेवा.